चालणारा तिठा

सुरुवातीलाच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. इथे असे अनुभव लिहिणारे बहुतेक सगळेच तसं म्हणून सुरुवात करतात, पण माझी गोष्ट त्याच्या एक पायरी पुढची आहे. मी दुसऱ्यांचाही विश्वास उडवायचं काम हौसेनं करत असे. नाशिकमधल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी निफाडपासून पेठपर्यंत शाळाशाळांतून चमत्कारांचे प्रयोग दाखवायचो. नारळातून कुंकू काढायचं, काडेपेटीशिवाय होम पेटवायचा... आणि मग हातचलाखी फोडून सांगायची. पोरं टाळ्या वाजवायची. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू!

तेव्हा हे लिहिताना मला थोडं अवघड वाटतंय. पण वय झालंय, आणि एक खोटं माझ्या नावावर आहे, ते पुसायचं राहिलंय. आमच्या कॉलेजची नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची मुलं-मुली आता पन्नाशीकडे आली असतील. त्यांच्यापैकी कोणी इथे असेल आणि त्यांना ‘पिन मॅडम’ आठवत असतील, तर त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचावं.

पिन मॅडम म्हणजे बोरस्ते मॅडम. माझ्याच विभागात होत्या, माझ्यापेक्षा वयानं दहाएक वर्षांनी लहान. माहेर सटाण्याचं, सासर निफाडचं. घरची द्राक्षबाग. रोज एसटीनं ये-जा करायच्या. त्या काळी फिजिक्समध्ये एक नवा विषय गाजायला लागला होता, त्याचं त्यांना वेड लागलं होतं. इंग्रजीत त्याला ‘फ्रस्ट्रेशन’ म्हणतात. मॅडम ‘कुचंबणा’ म्हणायच्या. मला अजून तो शब्द इंग्रजीपेक्षा नेमका वाटतो.

त्या वर्गात कसं समजवायच्या ते सांगतो.

“समजा, एका घरात तीन जावा आहेत,” त्या म्हणायच्या. “तोंड पूर्वेला नाहीतर पश्चिमेलाच करायचं, आणि कोणत्याही दोघींचं एका दिशेला नको, अशी अट आहे. पहिलीनं पूर्वेकडे तोंड केलं. दुसरीनं पश्चिमेकडे. आता तिसरीनं काय करायचं?”

“माहेरी जायचं, मॅडम!” एक मुलगी मागच्या बाकावरून ओरडली होती.

“माहेरी जायची सोय अणूला नसते, बाई,” मॅडम म्हणाल्या. “त्याला तिथंच राहायचंय. पूर्वेला वळला तर एकीशी वाकडं, पश्चिमेला वळला तर दुसरीशी. ही त्याची कुचंबणा. आणि असे लाखो अणू त्रिकोणात बसवलेले असले, की ते चुंबक कितीही थंड करा, एकच एक मांडणी ठरत नाही. सगळेच थोडे थोडे नाराज, आणि नाराजी वाटून घ्यायचे असंख्य मार्ग.”

हे डोळ्यांनी दिसावं म्हणून त्यांनी एक पट बनवला. कॅरम बोर्डाएवढी फळी. त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं आखलेली आणि घराच्या प्रत्येक बाजूवर पितळी खुंटीवर फिरणारी एक चुंबकीय सुई. सुया अंबडच्या एका वर्कशॉपमधून कापून आणल्या होत्या. पोळ्याच्या नक्षीत प्रत्येक कोपऱ्यावर तीन रेषा भेटतात, म्हणून त्या कोपऱ्याला मॅडम ‘तिठा’ म्हणायच्या. प्रत्येक तिठ्यावर तीन सुया. तिन्हींची उत्तर टोकं तिठ्याकडे आली तर ती एकमेकांना ढकलतात. म्हणून सुया तडजोड करतात — दोन आत, एक बाहेर, नाहीतर एक आत, दोन बाहेर. पटावरून मोठा लोहचुंबक गरगर फिरवून लांब नेला की सगळ्या सुया भिरभिरायच्या आणि मग हळूहळू शांत व्हायच्या. दर वेळी नवी नक्षी.

कधीकधी एखाद्या तिठ्यावर तिन्ही टोकं आतच राहून जायची. खुंटीला जरा घर्षण असतं, तेवढ्यानं तो तिठा अडून बसायचा. त्यातही नवल काही नाही. आता गंमत अशी, की अडलेल्या तिठ्यावरची एक सुई उलटी फिरली की तिथलं भांडण मिटतं, पण तिचं उत्तर टोक शेजारच्या तिठ्यावर जातं आणि भांडण तिथे सुरू होतं. म्हणजे भांडण एक घर सरकतं. कागदावर हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण सरकायला धक्का लागतो. आपोआप सुई फिरत नाही.

एकदा दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “सर, जरा लॅबमध्ये येता का? तिठा चालतोय.”

“म्हणजे?”

“मी उभी असते तिकडे येतो.”

मी हसलो. म्हटलं, “हातात घड्याळ आहे तुमच्या. बांगड्यांत काही असेल.”

“म्हणूनच तुम्हाला बोलावलं. तुम्ही बुवा-बाबांचे कपडे झाडून घेता ना? माझंही सगळं तपासा.”

घड्याळ, बांगड्या, किल्ल्या, केसांतल्या पिना, पदराची सेफ्टीपिन — मॅडमनी माझ्यासमोर एकेक काढून माझ्या रुमालात टाकलं. तो रुमाल मी स्वतः बाहेरच्या खोलीतल्या कपाटात ठेवला. पदर कमरेला खोचून त्या पटाजवळ उभ्या राहिल्या, हात मागे बांधून. मी चुंबक फिरवला आणि तोही बाहेर ठेवून आलो.

सुया शांत झाल्या. मधोमध एक तिठा अडला होता. आम्ही बघत राहिलो. मी तर कंटाळून खिडकीबाहेर बघायला लागलो होतो.

“सर,” मॅडम हळूच म्हणाल्या.

अडलेल्या तिठ्यावरची एक सुई थरथरली, जराशी डोलली आणि उलटी फिरली. भांडण शेजारी गेलं. थोडं थांबून तिथली एक सुई फिरली. मग पुढची. वाकडीतिकडी वाट काढत तो तिठा पटाच्या कडेपर्यंत आला, मॅडम उभ्या होत्या त्याच कडेपर्यंत. मी त्यांना दुसऱ्या बाजूला उभं केलं. पट फिरवला. टेबल बदललं. पुन्हा तेच. त्या गेल्या आणि मी एकटा उभा राहिलो, तर काही नाही.

तुम्हाला वाटेल कुठेतरी लोखंड असेल. पण चुंबक किंवा लोखंड जवळ आणलं तर आसपासच्या साऱ्या सुया एकदम माना वळवतात. इथे बाकीच्या सुया ढिम्म होत्या आणि मोजकी एकेक सुई फिरत होती — जणू कोणी रस्ता विचारत विचारत येतंय. हे चुंबकाचं वागणं नव्हे. मला ते तेव्हाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा चालू होता. मॅडमनी उत्साहानं सगळ्यांना सांगितलं. आमचे विभागप्रमुख बशीत चहा ओतत ऐकत होते. पुरतं ऐकून झाल्यावर त्यांनी मॅडमच्या खांद्याकडे बोट केलं.

“आणि ही काय?” ते म्हणाले. पदराला सेफ्टीपिन होती. असणारच.

“ती काल काढून ठेवली होती. गर्गे सर होते ना! विचारा त्यांना.”

सगळे माझ्याकडे वळले.

इथे एक सांगायला हवं. आमच्या लॅबमध्ये रीडिंग ‘बसवायची’ रीत होती. उत्तर आधी माहीत असायचं, मग मुलं आकडे त्याला बेतायची, आणि आम्ही डोळे झाकून सही करायचो. सगळेच बसवत होते, त्यामुळे कोणी खरं रीडिंग आणलं तरी आमचा पहिला संशय हाच, की बसवलंय. त्या स्टाफरूममध्ये मॅडमवर विश्वास ठेवणारा एकच माणूस असू शकत होता, आणि तो मी होतो. मला त्याच आठवड्यात दिंडोरीकडे चमत्कारांचे प्रयोग दाखवायला जायचं होतं. मनात आलं, उद्या हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, गर्गे सरांनाच भूत दिसलं!

मी म्हणालो, “पिन असावी बहुतेक. माझं लक्ष नव्हतं.”

आणि वर हसलो.

मग सगळेच हसले. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की एवढ्याशा पिनेनं तसं होत नाही. पण हसायला कारण मिळालं होतं. प्रमुखांनी फर्मावलं, करून दाखवा. मॅडमनी दाखवलं, तर त्या दिवशी तिठा जागचा हलला नाही.

“आज पिन घरी राहिली वाटतं!” प्रमुख म्हणाले.

ते वाक्य शिपायापासून मुलांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ‘पिन मॅडम’ हे नाव तेव्हापासूनचं. फळ्यावर सेफ्टीपिनचं चित्र काढलेलं असायचं. मॅडम ते पुसून शिकवायला सुरुवात करायच्या. माझ्याशी त्या भांडल्या नाहीत, फक्त ‘सर’ म्हणायचं थांबवलं. पीएचडीसाठी नाव नोंदवलं होतं, ते सोडून दिलं. काही वर्षांनी कॉलेजही सोडलं आणि निफाडला क्लास काढले.

माझं पुढे सगळं व्यवस्थित झालं. प्रमोशन झालं, निवृत्ती झाली, सत्कार झाला. सत्काराच्या भाषणात कोणीतरी म्हणालं, ‘सत्याची चाड असलेला माणूस.’ मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजातून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता तिथे शिकवतो. “सर, जुनी लॅब पाडतायत. सामान भंगारात चाललंय. आठवण म्हणून काही हवंय का?”

मी रिक्षा करून गेलो आणि पट घेऊन आलो. काही सुया गंजल्या होत्या, त्या पुसल्या. पट आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडला आणि रोज चुंबक फिरवत बसलो. तिठे अडायचे, अडूनच राहायचे.

बायकोनं हे थोडे दिवस सहन केलं. तिला सगळा इतिहास माहीत आहे.

“ताटं कुठे मांडू? माझ्या डोक्यावर?” ती एकदा म्हणाली. “त्या सुयांना काय विचारताय रोज? जिला विचारायचंय ती निफाडला आहे. तास-दीड तासाचा रस्ता. जाऊन या एकदाचे.”

“काय तोंडानं जाऊ?”

“जे आहे त्याच तोंडानं. दुसरं कुठून आणणार?”

एप्रिल महिना होता. निफाडला उतरून रिक्षावाल्याला बोरस्तेंचा मळा विचारला. तो म्हणाला, “लय लांब नाय, बसा. पण बाबा, फळी मांडीवर घ्या, मागं बसायची नाय.” द्राक्षं उतरून गेली होती, बागांमधून छाटणी चालली होती. मी पट मांडीवर धरून, उन्हातून, धक्के खात निघालो होतो.

मॅडम ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. केस पांढरे झालेत, बाकी तशाच. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. फळीला तर माझ्या आधीच ओळखलं.

“अगं बाई! जिवंत आहे का हा?” हे त्या पटाला म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, “आणि तुम्हीपण.”

मी बसलोही नाही. वाटेत सगळं भाषण जुळवलं होतं, ते विसरलो. एवढंच म्हणालो, “मॅडम, त्या दिवशी पिन नव्हती.”

“मला माहीत आहे, सर,” त्या म्हणाल्या. “माझ्याच खांद्यावर नव्हती ना.”

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाणी प्यालो. मग त्या म्हणाल्या, “मला सांगून काय उपयोग? ह्याला सांगा.” आणि आत हाक मारली, “प्रशांत! बाहेर ये.”

प्रशांत त्यांचा मुलगा. अंबडला एका कारखान्यात इंजिनिअर आहे, सुट्टी होती म्हणून घरी होता. मॅडम त्याच्यादेखत मला म्हणाल्या, “आमच्या घरात अजून असंच समजतात, की आईनं कॉलेजात पिन लावून जादू केली आणि पकडली गेली. याच्या वडलांनी कधी तोंडावर म्हटलं नाही, पण जाईपर्यंत तेच धरून होते. हा लहान होता. शाळेत पोरं चिडवायची तेव्हा घरी येऊन मलाच विचारायचा, आई, तू असं का केलंस?”

“जाऊ दे ना आई,” प्रशांत म्हणाला. “काका, किती जुनी गोष्ट...”

मी त्याला सगळं सांगितलं. रुमाल, कपाट, स्टाफरूम. “तुझी आई खरं बोलली आणि मी खोटं,” म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं. पण चेहऱ्यावरून कळत होतं, म्हाताऱ्या माणसांना एकमेकांचं मन राखायचंय, राखू द्यावं, असं त्याला वाटतंय. सभ्य मुलगा आहे. म्हणाला, “त्या काळी वायरिंग वगैरे कशी असायची... काहीतरी फील्ड असेलच कुठूनतरी.”

“मग आज बघू,” मॅडम उठल्याच.

ओट्यावर लाकडी बाजेवर पट ठेवला. प्रशांतनं स्वतः पट्टी लावून पातळी बघितली. चुंबक फिरवला आणि घरात नेऊन ठेवला. मॅडम हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मधल्या भागात एक तिठा अडला. वाट पाहिली. काही नाही. पुन्हा केलं. पुन्हा काही नाही.

“म्हातारी झाले मी,” मॅडम हसल्या. “आता माझ्याकडे कशाला येतोय! सर, तुम्ही उभे राहा.”

“माझ्याकडे कधीच आला नाही.”

“राहा तर खरे. आणि सगळं काढा अंगावरचं. मोबाइल, घड्याळ, पट्टा. दात?”

“माझेच आहेत.”

“कानातलं मशीन?”

ते माझ्या लक्षातच नव्हतं. कानाच्या मशीनमध्ये बारीकसं चुंबक असतं. मी दोन्ही मशीन काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्या आत जाऊन ठेवून आल्या. मशीन काढलं की मला जवळजवळ काही ऐकू येत नाही. प्रशांतनं हातानंच खूण केली, बोअरची मोटर आणि मेन स्विच बंद करून येतो, आणि तो मळ्याकडे गेला.

सगळं एकदम शांत झालं. समोर पट, पलीकडे मॅडम. एक तिठा अडलेला.

पहिली सुई फिरली तेव्हा मला वाटलं वारा असेल. दुसरी फिरली. मी मॅडमकडे पाहिलं, तर त्यांनी तोंडावर हात ठेवला होता. तिठा वळसे घेत, मध्येच थांबत, पुन्हा निघत माझ्याकडे येत होता. तशीच ती रीत, बाकी सुया स्तब्ध. मी एक पाऊल डावीकडे सरकलो. तो थांबला... आणि डावीकडची सुई फिरली. घाबरलो का? नाही. खरंच नाही. फार दिवसांनी कोणी ओळखीचं घरी यावं, तसं वाटलं. शेवटची सुई माझ्या पोटासमोरच्या कडेला फिरली आणि थांबली.

एवढ्यात प्रशांत धावत आला. त्यानं शेवटच्या दोन-तीन सुया फिरताना लांबून पाहिल्या होत्या. तो वाकून पट निरखायला लागला, मग माझ्याकडे बघून त्यानं आपल्या कानाला बोट लावलं आणि आईला काहीतरी विचारलं. मॅडम बोलल्या. बऱ्याच बोलल्या. हात कधी घराकडे, कधी माझ्याकडे. मी दोघांचे ओठ बघत उभा होतो, परीक्षेचा निकाल काचेच्या दाराबाहेरून बघावा तसा.

मशीन परत कानात घातल्यावर मी विचारलं, “काय म्हणत होतात?”

“काही नाही. चहा टाकते. साखर चालते ना?”

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. त्यानंतर मी बरंच वाचलं, जुन्या सहकाऱ्यांना विचारलं. कोणी म्हणालं, खुंट्या झिजल्यात. कोणी म्हणालं, ऊन लागून फळी वाकली असेल. असेलही. पण फळी वाकली तर तिठा माझ्या मागे डावीकडे कसा वळेल? पूर्वी फक्त मॅडमकडे जाणारा त्या दिवशी माझ्याकडे का आला? मला माहीत नाही. न कळलेल्या गोष्टीला नाव द्यायची पूर्वी मला फार घाई असायची. आता नाही. पट मी निफाडलाच ठेवून आलोय, तो त्यांचाच आहे. आमच्या टेबलावर पुन्हा ताटं मांडली जातात आणि मला झोप चांगली लागते.

फक्त निघतानाचं सांगायचं राहिलं. प्रशांत मला गाडीतून स्टँडवर सोडायला आला. मळ्यातला कच्चा रस्ता संपून डांबरी लागल्यावर म्हणाला, “काका, मी आईला विचारलं, यांच्या कानात मशीन राहिलं असेल.”

“बरोबर विचारलंस. मीही तेच विचारलं असतं.”

“ती म्हणाली, मशीन मी माझ्या हातानं देवघरात ठेवलंय. त्यांच्या अंगावर काहीही नव्हतं. मी इथं उभी होते, मी पाहिलंय. गर्गे सरांबद्दल कोणी काही म्हणालं तर माझ्याकडे पाठव.”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. पुढे उसाची ट्रॉली आडवी आली म्हणून प्रशांतनं गाडी थांबवली. ट्रॉली गेली तरी त्यानं गाडी लगेच काढली नाही.

“म्हणजे आई तेव्हाही खरंच बोलत होती,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हणालो.